वेगळी चूल आणि खेळाचे मैदान

(नेसरी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

तत्त्वज्ञानाचा माणूस खेळावर काय बोलणार, असे तुमच्यापैकी काहींना वाटले असेल. आम्हालाही थोडे वाटले होते. पण विषय खेळाचा दिसत असला तरी त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. आपण एखाद्या मोठ्या समूहातून बाहेर पडतो तेव्हा नेमके काय सोडतो?

अमेरिकेत विद्यापीठे आपापले गट करून खेळतात. दहा-बारा विद्यापीठे एकत्र येतात, दरवर्षी एकमेकांशी सामने खेळतात, मिळकत वाटून घेतात. अशा गटाला तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. आपण त्याला साखळी-संघ म्हणू. गटातून लहान विद्यापीठ बाहेर पडले की काय होते, याची दोन उदाहरणे बघू.

पहिले शिकागो विद्यापीठाचे. एकेकाळी ते बिग टेन या बलाढ्य गटात होते. तिकडच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हातात चेंडू घेऊन धावतात त्या खेळात, हाइजमन नावाचा मोठा सन्मान आहे. १९३५ साली तो पहिल्यांदा दिला गेला, आणि तो शिकागोच्या खेळाडूला मिळाला. चारच वर्षांनी, १९३९ मध्ये, तिथले अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या काळात विद्यापीठाने तो खेळच बंद केला. विद्यापीठ ज्ञानासाठी असते, तमाशासाठी नव्हे, असा त्यांचा रोख होता. १९४६ मध्ये त्यांनी गटही सोडला. आता गंमत बघा. ओस पडलेल्या मैदानाच्या प्रेक्षागाराखाली १९४२ च्या डिसेंबरात जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली गेली. विद्यापीठाचे नाव काही कमी झाले नाही. पण खेळाला पुन्हा आपल्या तोलामोलाचे सोबती मिळायला १९८६ साल उजाडले. तेव्हा अभ्यासाला पुढे ठेवणाऱ्या काही विद्यापीठांनी मिळून नवा गट केला आणि शिकागो त्यात गेले. मध्ये ४० वर्षे गेली.

दुसरे उदाहरण आयडाहो विद्यापीठाचे. हे वायव्येकडचे. फुटबॉलपुरते ते ज्या गटात होते, त्यातली बाकीची विद्यापीठे जॉर्जिया, अलाबामा, लुइझियाना, टेक्सास अशी थेट दक्षिणेत. म्हणजे प्रत्येक परगावचा सामना निम्मा देश ओलांडून. गटाने करार पुढे वाढवला नाही, तेव्हा २०१८ मध्ये आयडाहो आपल्या शेजाऱ्यांच्या जुन्या गटात परतले. त्यासाठी त्यांना एक पायरी खाली यावे लागले. वरच्या पायरीवर फुटबॉलसाठी ८५ शिष्यवृत्त्या देता येत, खालच्या पायरीवर ६३. म्हणजे २२ जागा गेल्या. पण प्रवास आटोपशीर झाला आणि जुने प्रतिस्पर्धी परत मिळाले. तोटा की फायदा? तराजू कुठे धरता त्यावर आहे.

आता घरी येऊ. आपल्याकडे असे गट नाहीत, पण उतरंड आहे. नेसरीचा कबड्डीपटू आधी विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतो, मग आंतरविभागीय, मग शिवाजी विद्यापीठाच्या संघात निवड, मग पश्चिम विभाग आणि शेवटी अखिल भारतीय. विद्यापीठापासून वरचे काम भारतीय विद्यापीठ संघ बघतो. १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून सुरू झालेली ही संस्था. पश्चिम विभागात आपली गाठ गुजरात, राजस्थानच्या विद्यापीठांशी पडते. ही शिडी पुढे ध्यानात ठेवा.

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ सुरू झाले, एका जिल्ह्यापुरते. त्याआधी सोलापूरची महाविद्यालये शिवाजी विद्यापीठात होती. खेळाच्या दृष्टीने याचा हिशेब साधा आहे. कबड्डीच्या संघात १२ जण. आधी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांतून मिळून १२. नंतर सोलापूरचे स्वतःचे १२. पंढरपूर-सांगोल्याच्या ज्या पोराला पूर्वी निवड चाचणीतून रिकाम्या हाताने परतावे लागले असते, त्याला विद्यापीठाचा टी-शर्ट मिळण्याची शक्यता वाढली. हे मोठे आहे, त्याला कमी लेखू नका.

पण दुसरी बाजू आहे. निवडीची विहीर लहान झाली. कोल्हापूरच्या फुटबॉलशी, इथल्या तालमींतल्या मल्लांशी घरच्या स्पर्धेत जी झटापट होत होती ती गेली. आता ते एकदम पश्चिम विभागात समोर येणार, परके म्हणून. शिवाय क्रीडा शुल्क विद्यार्थ्यांच्या संख्येवर जमते. विद्यार्थी थोडे तर निधी थोडा, पण मैदान, मार्गदर्शक, प्रवास यांचा खर्च संख्येच्या प्रमाणात कमी होत नाही. त्यातून आधी कात्री लागते ती कमी लोकप्रिय खेळांना, आणि बरेचदा मुलींच्या संघांना. हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

तरीही सोलापूर आणि शिकागो यांत मुख्य फरक आहे. सोलापूरने छप्पर बदलले, मैदान सोडले नाही. पश्चिम विभागाची शिडी तशीच राहिली. शिकागोने मैदानच सोडले. वेगळी चूल मांडणे वेगळे आणि गाव सोडणे वेगळे. चूल वेगळी झाली तरी पाणवठा एकच असला की माणूस तगतो.

आम्ही शिकवत असताना एक मुलगी होती, याच भागातल्या खेड्यातली. आठशे मीटर धावायची. आंतरविभागीय स्पर्धेत दुसरी आली. आम्ही समजूत काढायला गेलो, तर म्हणाली, “सर, ती म्होरं नसती तर मी पयला नंबर काढला असता, पण एवढं जोरात पळालो नसतो.” आम्ही तीस वर्षे वर्गात स्व आणि पर यांचा संबंध शिकवला. इतक्या थोडक्यात आम्हाला तो कधी सांगता आला नाही. प्रतिस्पर्धी आपला वाटेकरी नसतो, आपला अर्धा वेग त्याच्याकडे ठेवलेला असतो.

हे सगळे आज नेसरीत का सांगायचे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात संलग्नतेची पद्धत १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्याचे म्हटले आहे. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालये एकत्र येऊन २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालेच आहे. उद्या लहान-मोठ्या प्रत्येक महाविद्यालयापुढे हा प्रश्न येणार. त्या बैठकीत अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी यांवर तासन् तास चर्चा होईल. खेळाचा विषय शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ यात येईल आणि चहा आला की संपेल.

म्हणून तीनच प्रश्न आधी विचारून ठेवा. बाहेर पडल्यावर आमची पोरे कोणाशी खेळणार? त्या सामन्यांना जायला किती लांब आणि कोणाच्या खर्चाने? आणि त्यांच्या प्रमाणपत्राला पुढे कोण विचारणार? महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि तिथे स्पर्धेचा स्तर बघतात. घरात पोरगा विद्यापीठाकडून खेळला, याचा अर्थ इथे नोकरीपर्यंत जातो. शिडी तुटली तर तो अर्थही तुटतो.

नेसरीत बोलताना प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांना वंदन केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी ते सात जण सैन्य मागे ठेवून खिंडीत घुसले. ते धाडस त्यांचे होते, जीवही त्यांचाच होता. संस्था मात्र घोडा फेकते तेव्हा पाठीवर दुसऱ्यांची पोरे असतात. वेगळे व्हायचे तर जरूर व्हा. पण आधी पोरांना विचारा, आणि मैदान कुठे आहे ते बघून मग लगाम सोडा.