पीडीएफमधील संदर्भाच्या लिंक का तुटतात आणि त्या कशा दुरुस्त कराव्यात

आज आपली चळवळ मोठ्या प्रमाणात पीडीएफवर वाचली जाते. नागापूरच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा तरुण जाड ग्रंथ सोबत नेऊ शकत नाही. तो मोबाइलवरच वाचतो. "पाहा, खंड ३, भाग ५" यावर त्याने बोट ठेवले आणि भलतेच पान उघडले, तर ग्रंथावरचा त्याचा विश्वास कमी होतो. बाबासाहेबांच्या नावावर बनावट वाक्ये सर्रास फिरत असताना मूळ उताऱ्यापर्यंत अचूक पोहोचवणारी लिंक हाच आपला पुरावा आहे.

लॅटेक्समध्ये पुस्तक जुळवणाऱ्या कार्यकर्त्यांना चार तक्रारी वारंवार भेटतात. त्या आपण क्रमाने पाहू.

१. आकड्याच्या जागी दोन प्रश्नचिन्हे दिसणे

लॅटेक्स पहिल्या फेरीत प्रत्येक लेबलचा आकडा 'ऑक्स' फाइलमध्ये लिहून ठेवते आणि पुढच्या फेरीत तो वाचते. त्यामुळे फाइल दोन-तीनदा चालवावी. तरीही प्रश्नचिन्हे राहिली, तर लेबलच्या नावाचे स्पेलिंग तपासावे किंवा जुनी ऑक्स फाइल पुसून पुन्हा चालवावे. लॉग फाइलमध्ये सापडत नसलेल्या आणि दोनदा वापरलेल्या लेबलांची नावे दिलेली असतात.

२. आकडा बरोबर, पण लिंक चुकीच्या जागी जाणे

आपल्या ग्रंथांमध्ये ही अडचण सर्वाधिक येते. 'द बुद्धा अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठ खंड आहेत. खंडात भाग आणि भागात प्रकरणे आहेत. प्रत्येक खंडात भागांचे आकडे पुन्हा १ पासून सुरू होतात. लॅटेक्समध्ये खंडासाठी 'पार्ट' आणि भागासाठी 'चॅप्टर' वापरून दर खंडाला चॅप्टरचा आकडा हाताने शून्यावर आणला, तर छापील पान बरोबर दिसते. पण लिंक बनवणारे 'हायपररेफ' पॅकेज प्रत्येक ठिकाणाला आतून एक नाव देते. 'चॅप्टर १' हे नाव आठ वेळा तयार झाले की पहिले टिकते आणि बाकीची सोडून दिली जातात. मग आठव्या खंडाची लिंकही पहिल्या खंडात जाते.

यावर उपाय सोपा आहे. 'द-एच-चॅप्टर' या आज्ञेची नवी व्याख्या करून तीत खंडाचा आकडाही घालावा. हे नाव फक्त लिंकसाठी असते, त्यामुळे छापील आकडा बदलत नाही. प्रकरणांची आतली नावे यावरूनच बनतात, म्हणून तीही आपोआप वेगळी होतात.

चित्र किंवा तक्त्याचा आकडाच चुकत असेल, तर लेबल कॅप्शनच्या आधी लिहिलेले असते. ते कॅप्शननंतर लिहावे.

३. प्रस्तावनेची लिंक आधीच्या पानावर जाणे

प्रस्तावना, उपसंहार अशी बिनआकडी प्रकरणे अनुक्रमणिकेत आपोआप येत नाहीत. त्यांना अनुक्रमणिकेत हाताने घालताना त्याआधी 'फँटमसेक्शन' ही आज्ञा लिहावी.

४. सगळ्याच लिंक मृत होणे

तयार पीडीएफ 'प्रिंट टू पीडीएफ'ने पुन्हा जतन केली, तर लिंक सहसा नाहीशा होतात. फाइली जोडणाऱ्या काही साधनांनीही तेच होते. म्हणून लॅटेक्समधून निघालेली मूळ फाइलच पाठवावी. तक्रार आल्यास ती आधी दुसऱ्या वाचकॲपमध्ये उघडून पाहावी; दोष ॲपचाही असू शकतो.

लेबलची नावे रोमन लिपीत, लहान आणि खंड-भागासह ठेवावीत. फाइल गटात टाकण्यापूर्वी प्रत्येक खंडातील किमान एक लिंक मोबाइलवर दाबून पाहावी. पहिल्या खंडावर समाधान मानू नये, कारण तिथली लिंक नेहमीच चालते.

बाबासाहेबांच्या या ग्रंथातील उताऱ्यांचे पाली व इतर आधार पुढे शोधले गेले आणि महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत त्यांचा स्वतंत्र पुरवणी खंडही निघाला. आधार शोधण्याचे इतके मोठे काम आधीच झालेले आहे. वाचकाला त्या आधारापर्यंत नेऊन सोडण्याचे काम आता आपले आहे.