गणपतराव आंदळकर

गणपतराव आंदळकर (१५ एप्रिल १९३५ – १६ सप्टेंबर २०१८) हे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीतील मल्ल व नंतरचे वस्ताद, म्हणजे कुस्ती प्रशिक्षक होते. पुनवत (ता. शिराळा, जि. सांगली) हे त्यांचे जन्मगाव. १९६० मध्ये पंजाबच्या खडकसिंगांना हरवून ते हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सर्वांत वरच्या वजनगटात ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण व फ्रीस्टाइलमध्ये रौप्यपदक मिळवले. यांतील सुवर्णपदक विशेष मानावे लागते. पट, टांग अशा पायांवरच्या डावांवर मातीतल्या मल्लाची मोठी भिस्त असते आणि ग्रीको-रोमनमध्ये नेमके तेच वर्ज्य असतात. १९६४ मध्ये ते टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

वस्ताद म्हणून कारकीर्द

तालमीचा वस्ताद केवळ डाव शिकवत नाही. मल्लांची मेहनत, खुराक आणि जोडी लावणे हेही तोच पाहतो. आंदळकरांच्या पिढीतील वस्तादांपुढे आणखी एक काम होते. मातीत निकाल चितपटीने लागतो, तर गादीवर वेळ व गुणही मोजले जातात. मैदान मारणाऱ्या मल्लाला या हिशेबाची सवय लावावी लागे. त्यांचे शिष्य दादू चौगुले १९७० व १९७१ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक जिंकले. पुढे चौगुलेही मोतीबागेत वस्ताद झाले.