शरदाचा पहिला आठवडा : कुळगाव परिसराचा ऋतुविचार

भारतीय हवामान खात्याने २०२० साली सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईतून मोसमी पाऊस साधारणतः ८ ऑक्टोबरला माघार घेतो. त्यानंतरचा आठवडा कुळगाव-बदलापूर परिसरात विशेष तापदायक ठरतो. आकाश निरभ्र, जमीन ओली आणि वारा पूर्वेचा, अशी त्या वेळची स्थिती असते. हा परिसर समुद्रापासून दूर असल्याने खारा वारा येथे उशिरा व क्षीण होऊन पोहोचतो. म्हणून दुपारी कुलाब्यापेक्षा येथे ऊन अधिक जाणवते. पहाटे मात्र दव पडते.

वर्षाऋतूत संचित झालेले पित्त शरदातील सूर्यकिरणांनी प्रकुपित होते, असे वाग्भटाचार्य 'अष्टांगहृदया'त सांगतात. ऊन, दही व दिवास्वाप यांच्यासमवेत त्यांनी दव आणि पूर्वेचा वाराही वर्ज्य मानला आहे. आपल्या परिसरात या आठवड्यात हे दोन्ही एकत्र येतात, ही बाब लक्षणीय आहे. साळीचा भात, मूग, पडवळ व आवळा हे या काळातील पथ्य होय.

तिक्तघृत, विरेचन व रक्तमोक्षण हे शरदातील शास्त्रोक्त उपक्रम आहेत. तथापि याच दिवसांत डेंग्यू, हिवताप व लेप्टोस्पायरोसिस यांचे रुग्णही आढळतात. म्हणून प्रत्येक ज्वर ऋतुजन्य पित्ताचा मानणे धोक्याचे आहे. ज्वरित रुग्णाची रक्ततपासणी व प्लेटलेट गणना पाहिल्यावाचून शोधनाचा विचारही करू नये. डेंग्यूत रक्तमोक्षण प्राणघातक ठरू शकते. ऋतु ओळखणे हे वैद्याचे कर्तव्य. व्याधी ओळखणे हे त्याहून आधीचे.