पोरं मोबाइलवर परीक्षा देतात, म्हणजे नेमकं काय करतात?

कॉलेजातलं पोरगं रात्री मोबाइल घेऊन बसलं की घरात कुरकुर सुरू होते. पण दर वेळी ते रीलच बघत असतं असं नाही. हल्ली बरीच कॉलेजं 'स्वयम'वरचा एखादा विषय घ्यायला सांगतात. केंद्र सरकारचं हे पोर्टल २०१७ साली सुरू झालं. नाव नोंदवून शिकणं फुकट, परीक्षेला बसायचं तर फी. पास झाल्यावरचे क्रेडिट कॉलेजच्या निकालात धरता येतात. आपलं कॉलेज धरतं का, ते मात्र आधी विचारून घ्यावं.

यात आयआयटीच्या प्राध्यापकांचे 'एनपीटेल'चे कोर्स असतात. त्यातला १२ आठवड्यांचा कोर्स घेऊ. दर आठवड्याला व्हिडिओ आणि त्यावर स्वाध्याय. मुदतीच्या आत उत्तरं कितीदाही बदलून पाठवता येतात. मुदत संपली की दार बंद, मग बरोबर उत्तरं दाखवतात. १२ पैकी सगळ्यात चांगले ८ स्वाध्याय धरून २५ गुण काढतात. म्हणजे सोयाबीनच्या काढणीत किंवा रेंज नसल्यानं चार हुकले तरी चालतं. पाचवा हुकला की गुण घटायला लागतात.

हा उपद्व्याप कशाला? तर सहा महिने वही कोरी आणि आदल्या रात्री गाईड, हे बंद व्हावं म्हणून. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी धडा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं! ठिबकचं पाणी मुळाशी जातं, तसंच हे.

आता खरी गोम. या स्वाध्यायांची उत्तरं यूट्यूबवर, टेलिग्रामवर आयती मिळतात. ती टिपून २५ गुण येतीलही, पण उरलेल्या ७५ गुणांची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. स्वाध्यायात किमान १० आणि तिथं किमान ३०, दोन्ही लागतात. एकात कमी पडलं तर प्रमाणपत्र नाही, आणि भरलेली फीही गेली.

घरात एकच फोन असेल तर मुदतीच्या आदल्या संध्याकाळी तो पोराला किंवा पोरीला द्यावा. व्हिडिओ रेंज असेल तिथं आधीच उतरवून घ्यावेत. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, मुदतीची तारीख लिहून ठेवावी.