शिक्क्यापलीकडची रायफल

उल्म, जर्मनी : डॅन्यूबकाठचे उल्म हे शहर प्रवाशांना ठाऊक असते ते तेथील गगनाला भिडणाऱ्या चर्चमुळे आणि आइन्स्टाइनचे जन्मगाव म्हणून, नेमबाजांना मात्र ते ॲन्शुट्झ आणि वाल्थर या दोन रायफल-उत्पादकांमुळे माहीत असते. दोन्ही घराणी मूळची थुरिंगिया प्रांतातील, पहिले 1856 पासूनचे आणि दुसरे 1886 पासूनचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तो प्रांत सोव्हिएत अमलाखाली गेल्यामुळे त्यांना येथे येऊन पुन्हा शून्यापासून उभे राहावे लागले. आष्टा-सांगलीकडील वाचकांना या गावाविषयी आस्था वाटावी असे कारण शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात आहे. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये येथून जवळच असलेल्या म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले, तर राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक पटकावले. या यशानंतर पश्चिम महाराष्ट्रातील अनेक पालकांपुढे एक खर्चिक प्रश्न उभा राहिला आहे : परदेशी रायफल घ्यायची झाल्यास तिची घडण पारखायची कशी?

या प्रश्नाचा पहिला भाग जर्मनीने कायद्याने सोडवला आहे. 1891 च्या कायद्यापासून येथे प्रत्येक बंदुकीची सरकारी चाचणी सक्तीची असून उल्म, सूल, म्युनिक अशा ठिकाणी त्यासाठी स्वतंत्र कार्यालये आहेत. तेथे नेहमीच्या काडतुसापेक्षा सुमारे 25 ते 30 टक्के अधिक दाब निर्माण करणारी काडतुसे त्या-त्या बंदुकीतूनच झाडली जातात, नंतर नळी आणि बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा दट्ट्या, यांना तडा वा फुगवटा आला आहे काय हे तपासले जाते आणि मगच धातूवर शिक्का उमटतो. गरुड आणि त्याखाली एन हे अक्षर दिसले की आधुनिक, धूरविरहित दारूसाठी चाचणी झाली असे समजावे. उल्मच्या कार्यालयाची खूण सांबरशिंगाची आहे. वर्षही अक्षरांत लिहिण्याची रीत आहे : ए म्हणजे 0, बी म्हणजे 1, या क्रमाने बीए अशी जोडी 2010 साल दाखवते. असे शिक्के परस्परांना मान्य असावेत म्हणून 1914 मध्ये बेल्जियममधील लिएज येथे आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला, आणि लिएजचे स्वतःचे चाचणीगृह तर 1672 पासूनचे आहे.

अमेरिकेत अशी सरकारी सक्ती नाही. 1926 पासून उद्योजकांच्या संस्थेने ठरवलेली मानके तेथे स्वेच्छेने पाळली जातात. अर्धस्वयंचलित रायफलीच्या बाबतीत, म्हणजे चाप एकदा दाबल्यावर एकच गोळी सुटते पण रिकामी पुंगळी फेकून पुढचे काडतूस यंत्रणा स्वतःच भरते अशा रायफलीच्या बाबतीत, सरकारी चाचणी नसण्याचा परिणाम ठळक दिसतो. 1968 च्या कायद्यातील खेळोपयोगाची अट आणि 1989 ची आयातबंदी यांमुळे अशा अनेक रायफली मूळ रूपात तेथे येऊ शकत नाहीत. आयातदार त्यांत अमेरिकी बनावटीचे भाग बसवून, नियमातील 20 भागांच्या यादीपैकी परदेशी भाग 10 पेक्षा अधिक राहणार नाहीत अशी जुळणी करतो. त्यामुळे मूळ कारखाना कितीही नावाजलेला असला तरी ग्राहकाच्या हाती पडते ते आयातदाराच्या जोडारीचे काम, आणि म्हणूनच पुढची माशी नळीवर सरळ उभी आहे का, रिव्हेट पूर्ण बसले आहेत का, मॅगझिन खोबणीत डुगडुगते का, हे तेथील जाणकार ग्राहक स्वतः पाहतो. जर्मनीत अर्धस्वयंचलित रायफल मिळवण्याआधी खेळाडूला क्लबात किमान बारा महिने नियमित सराव करावा लागतो आणि गरज सिद्ध करावी लागते. 2002 मध्ये एरफुर्टच्या शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर येथील शस्त्रकायदा अधिक कठोर झाला, आणि ते योग्यच झाले. भारतात तर सामान्य परवानाधारकाला परदेशातून बंदूक मागवता येत नाही. ती सवलत मान्यताप्राप्त नामांकित नेमबाजांपुरती आहे, आणि 50 मीटर प्रकारात प्रत्येक काडतूस हाताने एकेक भरावे लागत असल्याने त्यांना अर्धस्वयंचलित यंत्रणेची गरजही नसते.

तथापि सरकारी शिक्का एवढेच सांगतो की ही रायफल हातात फुटणार नाही. ती नेम साधेल की नाही याविषयी तो काहीच सांगत नाही, आणि दुरून खरेदी करणाऱ्यांचा गोंधळ नेमका येथेच होतो. 50 मीटरवरील दहा गुणांचे वर्तुळ केवळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. तेथे गोळी पोहोचवण्यात सर्वाधिक वाटा नळीचा, त्यातही तिच्या तोंडाच्या कडेचा असतो. त्या कडेवर बारीकसा ओरखडा असला तरी बाहेर पडणाऱ्या गोळीमागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. चापाचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवलेले असते, पण वजनापेक्षा ते दरवेळी तेच राहते का, हे महत्त्वाचे. दस्त्यात यंत्रणा आवळणारे स्क्रू कमी-जास्त घट्ट झाले तरी गोळ्यांचा पुंजका सरकतो. दस्त्याचा रंग, ॲल्युमिनियमची चकाकी आणि समायोजनाच्या खिट्ट्यांची संख्या यांवर भुलणारा ग्राहक शोभेलाच किंमत मोजत असतो.

शिवाय एकाच कारखान्याच्या दोन नळ्यांना एकाच घाण्याची काडतुसे सारखी मानवत नाहीत. म्हणून येथील खेळाडू रायफल घेऊन काडतूस-कारखान्याच्या चाचणीकेंद्रात जातात, नळी यांत्रिक पकडीत घट्ट बसवतात, वेगवेगळ्या घाण्यांच्या दहा-दहा गोळ्या झाडून पुंजके मोजतात आणि सर्वांत लहान पुंजका देणारा घाणा वर्षभरासाठी विकत घेतात. ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणी नसणे हा आपल्याकडील होतकरू मुलामुलींवरचा खरा अन्याय आहे. उत्तम रायफल हातात असूनही जुळणाऱ्या काडतुसाअभावी त्यांचे गुण जातात आणि दोष त्यांच्या हाताला दिला जातो.

आपल्याकडे रायफल पुष्कळदा ज्येष्ठ खेळाडूकडून कनिष्ठाकडे जाते. जुनी रायफल घेताना नळी व बोल्ट यांवरील क्रमांक जुळतात का हे प्रथम पाहावे, कारण यांसारखा मुख्य भाग बदलल्यास जर्मन कायद्याप्रमाणे सहसा पुन्हा चाचणी होऊन नवा शिक्का लागतो. क्रमांक वेगळे आणि शिक्का एकच असेल, तर परवान्याची कागदपत्रे पुढे सरकवण्याआधी विक्रेत्याकडे दुरुस्तीचा लेखी दाखला मागावा.