सूर्यापासून सुंगटांपर्यंत

नरकचतुर्दशीच्या सकाळी गोव्यातल्या घरोघरी नव्या भाताचे फोव म्हणजे पोहे होतात: दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले. शंभर ग्रॅम पोह्यांत साधारण साडेतीनशे किलोकॅलरी ऊर्जा असते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ढगांच्या फटीतून जेवढे ऊन शेतात उतरले, त्यातूनच ती जमा झाली. पानावर पडलेल्या उन्हातला जेमतेम एखादा टक्का भाताचे रोप साठवून ठेवते आणि त्यातलाही निम्म्याहून कमी वाटा दाण्यात येतो. कोरगुटासारख्या उंच वाढणाऱ्या जुन्या वाणांत तर तो आणखीच कमी. बाकीची ऊर्जा गवतात, धाटांत नि मुळांत राहते. दाणा घरी आला की हंगाम संपला असे आपण समजतो, पण शेताच्या दृष्टीने अर्धे काम तिथून पुढे सुरू होते.

डिचोली तालुक्यातले मये हे त्यासाठी पाहण्यासारखे गाव आहे. गोव्याच्या शेतीत जमिनीचे तीन थर मानतात. डोंगरउताराची ती मोरड, मधली ती केर आणि खाडीकाठची, भरतीच्या पातळीखालची ती खाजन. मयेत डोंगर आहे, डोंगरांच्या कुशीत तळे आहे आणि नदीच्या अंगाला उतरत गेले की चोडण बेटाची खाजने लागतात. ऊर्जेच्या प्रवासाच्या दोन वेगळ्या वाटा इथे काही किलोमीटरच्या आत दिसतात.

तळ्यातली वाट

मयेचे तळे पर्यटकांना होड्यांसाठी आणि अलीकडे बंजी जंपिंगसाठी ठाऊक आहे. कोणत्याही तळ्यातला हिशेब मात्र शेवाळापासून सुरू होतो. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ ऊन पकडते, त्याच्यावर बारीक प्राणी जगतात, त्यांच्यावर लहान मासे, माशांवर पाणकावळा नि खंड्या. हा हिशेब आकड्यांत मांडला रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन अभ्यासकाने. मिनेसोटातल्या सीडर बॉग नावाच्या लहानशा तळ्याचा त्याने कित्येक ऋतू अभ्यास केला. त्याचा निबंध परीक्षकांनी आधी नाकारला होता. 1942 साली तो छापून आला, तेव्हा सत्ताविसाव्या वर्षी लिंडमनचे निधन झालेले होते.

त्याच्या तळ्यात वनस्पतींनी उन्हाचा फक्त 0.1 टक्का पकडला होता. त्यातला 13.3 टक्के भाग शाकाहारी जिवांकडे गेला आणि त्यांच्याकडच्या ऊर्जेचा 22.3 टक्के भाग मांसाहाऱ्यांकडे. पाठ्यपुस्तकातला ‘दहा टक्क्यांचा नियम’ हा अशा मोजमापांचा ढोबळ मध्य आहे. फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज झऱ्याची हॉवर्ड ओडम यांनी 1957 मध्ये प्रसिद्ध केलेली आकडेवारी ही उतरण अधिक स्पष्ट दाखवते. दर चौरस मीटरला वर्षाला वनस्पतींकडे 20,810 किलोकॅलरी, शाकाहाऱ्यांकडे 3,368, मांसाहाऱ्यांकडे 383 आणि सर्वांत वरच्या शिकाऱ्यांकडे अवघ्या 21. मधली ऊर्जा श्वासोच्छ्वासात, हालचालीत, विष्ठेत आणि न खाल्ल्या गेलेल्या जिवांच्या मरणात जाते. पाणी, नत्र, स्फुरद पुन्हा पुन्हा फिरतात; उष्णता होऊन गेलेली ऊर्जा मात्र परत येत नाही. म्हणूनच अन्नसाखळ्या चार-पाच कड्यांपलीकडे सहसा जात नाहीत आणि शेकडो बगळ्यांच्या खाडीत समुद्री गरुडाची जोडी एखादीच असते.

खाजनातली वाट

चोडणच्या पश्चिम टोकाला 1988 साली जाहीर झालेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. आकार पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि बहुतेक सगळे खारफुटीचे. खारफुटीचे हिरवे पान फारसे कोणी खात नाही. ते चिवट असते, त्यात टॅनिन असते. पान गळून चिखलात पडले की खेकडे त्याचे तुकडे करतात, बुरशी नि जिवाणू त्यावर वस्ती करतात. जिवाणूंच्या थरामुळे त्या कुजक्या तुकड्यातले प्रथिनांचे प्रमाण ताज्या पानाहून वाढते. सुंगटे (कोळंबी), शेवटे मासे असे जीव तो तुकडा गिळतात, वरचे जिवाणू पचवतात आणि उरलेला चोथा बाहेर टाकतात. त्यावर पुन्हा जिवाणू वाढतात. खाडीतली बरीचशी ऊर्जा अशी मेलेल्या पानावाटे वर चढते.

गोव्याच्या शेतकऱ्यांनी हीच रीत शेतात आणली. खाजनाला मातीचा नि जांभ्या दगडाचा बांध असतो आणि बांधात मानस. मानसाची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात नि ओहोटीला उघडतात. पावसाचे गोडे पाणी आतला खार धुऊन बाहेर काढते आणि खारे पाणी आत येत नाही. भात कापल्यावर मात्र खाडीचे पाणी मुद्दाम आत घेतात. शेतात राहिलेली धाटे कुजू लागतात, पाण्याबरोबर आलेली सुंगटांची आणि माशांची पिल्ले त्यावर वाढतात. उधाणाच्या दिवसांत रात्री ओहोटी लागली की मानसाच्या तोंडाशी पिशवीसारखे जाळे लावून दिवा टांगतात. उजेडाकडे ओढली गेलेली सुंगटे पाण्याबरोबर जाळ्यात येतात. काळुंद्रे, शेवटे, कुर्ल्या त्यांच्याबरोबरच. या माशांवर जगणारा चोणक एक पायरी वरचा, म्हणून तो थोडा आणि महाग. चोडणच्या खाडीतली पाणमांजरेही त्याच वरच्या पायरीवर बसतात.

गावाचे रोजचे जेवण मात्र खालच्या पायऱ्यांवरचे होते: भात, सुंगटे, तिसऱ्या. एवढ्याशा जमिनीवर इतकी माणसे पोसली गेली याचे कारण इथे आहे. भात ही पहिली पायरी, सुंगटे दुसरी-तिसरी; आणि दोन्ही एकाच उन्हावर, एकाच शेतात.

वाट अडते तिथे

या प्रवासाला दोन ठिकाणी खीळ बसते. पहिली डोंगरावर. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणींच्या ढिगांवरचा गाळ दशकानुदशके पावसाबरोबर शेतांत, ओहोळांत उतरला. गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही, म्हणजे पकडणाराच उपाशी. आणि गाळाचा थर चिखलावर बसला की कुजवणारे जीव गुदमरतात. दोन्ही वाटा एकाच वेळी अडतात. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये न्यायालयाच्या आदेशांनी खाणी थांबल्या, पण साचलेला गाळ आदेशाने उचलला जात नाही.

दुसरी खीळ बांधावर. पूर्वी बांधांची देखभाल गावकरीकडे, म्हणजे गावाच्या सामूहिक जमीनसंस्थेकडे, असे. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती हळूहळू कूळ संघटनांकडे आली आणि अनेक ठिकाणी सैल पडली. फुटलेला बांध तसाच राहिला की शेतात बारमाही खारे पाणी, पुढे खारफुटी. तिथला निसर्ग मरत नाही. पक्षी, मासे येतात. पण भाताचा दाणा जातो, आणि दाण्याबरोबर शेतात राहणारी धाटेही जातात. त्याच जमिनीवर दोनदा हात फिरवण्याची सोय संपते.

बांधदुरुस्तीचा खर्च मांडताना तो बहुधा भाताच्या भावाशी ताडून पाहतात आणि मग तो परवडत नाही असे ठरते. त्या हिशेबात मानसावरची सुंगटे धरायला हवीत, खाडीत परत जाणारी माशांची पिल्ले धरायला हवीत आणि ती खाऊन जगणारे पक्षीही. तसे धरले तर पावसाआधी मानसाची दारे बदलणे हा गावाच्या वर्षातला सर्वांत फायद्याचा खर्च ठरेल.