फिरत्या घरातील प्रवास आणि ग्रामीण जलस्रोत : फ्रान्समधील लोझेर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
स्वयंपाकाची सोय, झोपण्याची जागा, पाण्याची टाकी व शौचालय असलेले वाहन म्हणजे कॅम्परव्हॅन होय. वसतिगृहे नसलेल्या आडवाटेच्या प्रदेशातही मुक्काम करता येणे, हे तिचे प्रमुख आकर्षण आहे. तथापि हे स्वातंत्र्य निरपेक्ष नसते. ते स्थानिक पाण्यावर व गावाच्या व्यवस्थेवर कसे अवलंबून असते, हे प्रस्तुत लेखात दक्षिण फ्रान्समधील लोझेर जिल्ह्याच्या आधारे स्पष्ट केले आहे.

प्रदेशाचा परिचय :
फ्रान्सच्या युरोपीय भूमीवरील हा सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा आहे. सुमारे ५,१६७ चौरस किलोमीटर क्षेत्रात ८० हजारांहूनही कमी लोक राहतात. १८७८ मध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा लेखक गाढवावर सामान लादून येथून पायी गेला होता. पशुपालनातून घडलेल्या कोस व सेवेन या भूप्रदेशाचा समावेश युनेस्कोने २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत केला.

जिल्ह्यातील कोस मेजां हे पठार चुनखडीचे असून सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे. पावसाचे पाणी भेगांतून खाली मुरत असल्याने पठारावर वाहते ओढे जवळपास नाहीत. म्हणून मेंढपाळांनी पावसाचे पाणी साठविण्यासाठी दगडी फरसबंदीची तळी बांधली. मुरलेले पाणी तार्न व जोंत नद्यांच्या खोल दऱ्यांत झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते.

सांडपाण्याचा प्रश्न :
कॅम्परमधून दोन प्रकारचे सांडपाणी निघते : एक भांडी व स्नानाचे साबणमिश्रित पाणी, दुसरे शौचालयाच्या सुट्या टाकीतील रसायनयुक्त मैला. हे पाणी माळावर ओतल्यास मातीचा थर पातळ असल्यामुळे ते पुरेसे गाळले न जाताच भूगर्भात उतरते व झऱ्यांपर्यंत पोहोचू शकते. शिवाय शौचालयातील रसायनांमुळे लहान मैलाटाकीतील उपयुक्त जिवाणूंनाही अपाय होतो.

यावर उपाय म्हणून फ्रान्समधील अनेक ग्रामपालिकांनी कॅम्परसाठी सेवास्थळे उभारली आहेत. तेथे पिण्याच्या पाण्याचा नळ, सांडपाण्याची मोरी व मैल्यासाठी स्वतंत्र व्यवस्था असते. हिवाळ्यात पाणी गोठत असल्याने अनेक ठिकाणचे नळ बंद ठेवले जातात. प्रवाशाने याची आधीच चौकशी करणे हिताचे ठरते. सेवास्थळ गावाजवळ असल्यास पाणी भरण्यासाठी थांबलेला प्रवासी पाव, चीज व भाजीही तेथेच खरेदी करतो. सर्व शिधा शहरातून भरून आणणाऱ्या प्रवाशाकडून मात्र गावास केवळ कचराच मिळण्याचा धोका असतो.

समारोप :
महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. आपल्याकडील भूस्तर भिन्न असले तरी उन्हाळ्यात विहिरी आटणाऱ्या गावांत पाहुण्यास पाणी कोठून द्यावयाचे व त्याचे सांडपाणी कोठे न्यावयाचे, हे प्रश्न येथेही उद्भवतात. वाहन येण्यापूर्वी नळ व मोरी यांची सोय व्हावी आणि त्याविषयीचा निर्णय ग्रामसभेत व्हावा, असे लोझेरच्या उदाहरणावरून सुचवावेसे वाटते.